पाचशेच्या खाली

कागदावरचा आकडा

रक्ताच्या कर्करोगावर मुलाचे उपचार सुरू झाले की घरात एक नवा आकडा शिरतो. हिमोग्लोबिन आई-वडिलांना आधीपासून माहीत असते, डेंग्यूच्या साथींनी प्लेटलेटही शिकवलेल्या असतात. आता ‘काउंट’ शिकायचे. लॅबमधून सीबीसीचा कागद येतो. त्यावर पांढऱ्या पेशी १,२०० आणि खाली न्यूट्रोफिल २० टक्के असे काहीतरी छापलेले असते. १,२०० चे २० टक्के म्हणजे २४०. हा आकडा ५०० च्या खाली गेला की ‘काउंट पडले’ म्हणतात, आणि तिथून पुढचे आठ-दहा दिवस सगळ्या घराचा जीव थर्मामीटरच्या टोकाशी अडकलेला असतो.

५०० ची रेघ कुणी मनाने ओढलेली नाही. १९६६ साली अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, रुग्णांचे पेशींचे आकडे आणि त्यांना झालेले संसर्ग शेजारी शेजारी मांडून पाहिले. पेशी जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्ग जास्त, हे त्यातून दिसले. १,००० च्या खाली धोका चढू लागतो, ५०० च्या खाली तो वेग घेतो, १०० च्या खाली गेल्यावर तर मूल ठणठणीत दिसत असले तरी डॉक्टर निर्धास्त नसतात.

न्यूट्रोफिल ही जंतू गिळणारी पेशी. रक्तात ती जेमतेम दिवसभर टिकते, त्यामुळे हाडातल्या मज्जेला रोज नवा माल पाठवावा लागतो. मोठ्या माणसात दिवसाला सुमारे १०० अब्ज पेशी. केमोची औषधे भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. कर्करोगाची पेशी तशी असते, आणि मज्जाही तशीच असते. रोजच्या आवकेवर चालणाऱ्या मंडईत चार दिवस गाड्याच आल्या नाहीत तर जे होईल, तेच केमोनंतर सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान रक्तात होते.

यातली एक गोष्ट घरच्यांना कुणी नीट सांगत नाही. पू म्हणजे बहुतांशी मेलेले न्यूट्रोफिलच. ते नसतील तर पू होत नाही, सूज फारशी येत नाही, घसा लाल दिसत नाही, न्यूमोनिया असूनही छातीच्या एक्स-रेवर पहिल्या दिवशी डाग उमटेलच असे नाही. जंतू रक्तात उतरले आहेत हे सांगणारी खूण पुष्कळदा एकच उरते, ती म्हणजे ताप. म्हणून इतर मुलांचा ताप आणि या मुलाचा ताप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, थर्मामीटरवरचा आकडा तोच असला तरी.

जंतू येतात कुठून?

ताप आला की नातेवाइकांची चौकशी सुरू होते. बाहेरचे काही खायला दिले का, कोण भेटायला आले होते, यात्रेला नेले होते का. या प्रश्नांचा रोख बहुतेक वेळा आईकडे असतो, आणि बहुतेक वेळा तो अन्यायाचा असतो. रक्तात सापडणारे बरेचसे जंतू मुलाच्या स्वतःच्या अंगावरचेच असतात. केमोने तोंडापासून गुदद्वारापर्यंतचे आतले अस्तर सोलवटते. तोंड येते ते आपल्याला दिसते. आतडीही तशीच आलेली असतात, ती दिसत नाहीत. एरवी आतड्यात मुकाट राहणारे ई. कोलाय आणि क्लेबसिएल्ला त्या फटींतून रक्तात उतरतात. स्यूडोमोनास आणि ॲसिनेटोबॅक्टर हे रुग्णालयातल्या ओलसर जागांचे रहिवासी, तेही येतात.

दुसरी वाट नळीची. महिनोन्महिने शिरेतून औषधे द्यायची तर दरवेळी सुई टोचून भागत नाही. दंडात पिक लाईन घालतात किंवा छातीच्या कातडीखाली केमो पोर्ट बसवतात. सोय मोठी, पण नळीचे टोक हृदयाशी आणि तोंड बाहेरच्या जगात. नीट न पुसता सिरिंज जोडली की कातडीवरचे स्टॅफिलोकॉकस सरळ आत. नळीचे तोंड स्पिरिटने किंवा क्लोरहेक्सिडिनने घासून पुसणे आणि ते वाळेपर्यंत थांबणे, हे दहा-पंधरा सेकंदांचे काम आहे. गर्दीच्या वॉर्डात एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असले की हेच सेकंद आधी कापले जातात. शेजारी बसलेल्या आईने ‘सिस्टर, पुसलंत का?’ असे विचारले तर त्यात उद्धटपणा काही नाही.

पण बाहेरच्या जगाला पूर्ण निर्दोष सोडता येत नाही. आतड्यात कोणत्या जातीचा क्लेबसिएल्ला मुक्कामाला आहे, साधा की औषधांना न जुमानणारा, हे आधीच्या काही महिन्यांत ठरलेले असते. मूल कुठे कुठे भरती होते, कोणती अँटिबायोटिके घेऊन झाली, घरी कसले पाणी येते, या सगळ्यांचा त्यात वाटा. असा जंतू आतड्यात बसून काहीच करत नाही. त्रास नाही, ताप नाही. काउंट पडेपर्यंत तो फक्त असतो.

तासाचा हिशेब

प्रयोगशाळेत चांगले अन्न आणि ऊब मिळाली तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. रात्री दहा वाजता एक असेल तर सकाळी सहापर्यंत चोवीस दुपटी होतात, म्हणजे एका जंतूचे सुमारे १ कोटी ६८ लाख. शरीरात एवढी मोकळीक नसते हे खरे, पण ‘सकाळी बघू’ या दोन शब्दांची किंमत कळायला हा हिशेब पुरेसा आहे.

म्हणून जगभरच्या बालकर्करोग विभागांचा दंडक असा: केमो चालू असलेल्या मुलाला ताप आला, की रुग्णालयाच्या दारात पाऊल ठेवल्यापासून साठ मिनिटांच्या आत शिरेतून पहिले अँटिबायोटिक गेले पाहिजे. ताप म्हणजे एकदाच १०१ फॅरेनहाइट, किंवा १००.४ तासभर टिकलेला. पुष्कळ ठिकाणी घरच्यांना गोंधळ नको म्हणून १००.४ हीच रेघ सांगतात. कल्चरसाठी रक्त आधी काढायचे. मात्र रक्त निघत नाही म्हणून औषध अडवायचे नाही. अशा दर शंभर तापांपैकी साधारण दहा ते पंचवीस वेळा रक्तात जंतू सापडतात. बाकीच्या वेळी सापडत नाहीत. पण कोणता ताप कुठल्या गटातला, हे पहिल्या तासात सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक ताप पहिल्या गटातला धरायचा.

घरी होणारी सर्वांत मोठी चूक साधी आहे. ताप वाटला की पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची. गोळीने ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत, आणि ती एकमेव खूणही पुसली जाते. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन त्याहून वाईट, कारण प्लेटलेटही कमी असतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. गुदद्वारातून ताप मोजू नये, एनिमा देऊ नये. त्या नाजूक अस्तराला ओरखडा गेला तर जंतूंना आयती वाट मिळते.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. ल्युकेमियाच्या पहिल्या महिन्यात मुलाला रोज स्टेरॉइड असते. चेहरा गोल होतो, भूक वाढते, मूल रात्री दोनला उठून पोहे मागते. हेच स्टेरॉइड ताप दाबते. अशा मुलाला ताप नसतानाही रक्तात संसर्ग असू शकतो. हातपाय गार पडले, मूल नेहमीपेक्षा सुस्त झाले, पोट सतत दुखू लागले, लघवी कमी झाली, तर थर्मामीटर काहीही म्हणो, निघायचे.

जत ते मिरज, म्हसवड ते सातारा

आता हा तास आपल्या नकाशावर ठेवून पाहू. सांगली-साताऱ्यातल्या मुलाचे कर्करोगाचे निदान आणि मोठे उपचार बहुधा बाहेर होतात. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय, जे १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. नाहीतर पुणे किंवा कोल्हापूर. मिरजेला आपण आरोग्यपंढरी म्हणतो आणि ते उगाच नाही. वॉनलेस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे रुग्णालय उभे केले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, पुढे कर्करोगाची वेगळी रुग्णालयेही निघाली. कऱ्हाडला कृष्णा रुग्णालय आहे. तरीही ल्युकेमियाचे मूल दोन-अडीच वर्षे उपचारांत असते आणि त्यातला फारच थोडा काळ ते मोठ्या केंद्रात भरती असते. बाकीचे दिवस ते घरी. ताप बहुतेक वेळा घरीच येतो.

जतहून किंवा आटपाडीहून मिरज गाठायला दोन तास धरा. माणमधल्या म्हसवडहून साताऱ्याला तेवढेच. पाटणच्या वरच्या वाड्यांत पावसाळ्यात गाडी मिळायलाच तास जातो. यात घरचे लोक एक निर्णय घेतात, जो त्यांना शहाणपणाचा वाटतो: जिथे केमो चालू आहे तिथेच जाऊ. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने किंवा गाडी करून मुंबई. मूल सकाळी परळला पोचते तेव्हा रक्तदाब खाली घसरलेला असतो. मुंबईला जाणे चुकीचे नाही, पण आधी जवळच्या रुग्णालयात रक्त काढून पहिला डोस घ्यायचा आणि मग निघायचे. पहिला डोस ही काही मोठ्या केंद्राची मिरास नव्हे. शिरेत सुई घालता येते आणि पिपरासिलिन-टाझोबॅक्टम किंवा सेफेपिमसारखे औषध कपाटात आहे, एवढे ज्या रुग्णालयात जमते, तिथे तो देता येतो.

मला विचाराल तर आपल्या दोन जिल्ह्यांत या विषयात सर्वांत स्वस्तात होण्यासारखे काम हेच आहे. केमो देणाऱ्या केंद्राने सोडताना एक पानाचा कागद द्यावा: आजार कोणता, शेवटची केमो कधी, ताप आल्यास कोणते इंजेक्शन, वजनाप्रमाणे किती, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आणि रात्री कुणाला फोन करायचा. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फाईलच्या सर्वांत वर ठेवावा. तालुक्याच्या डॉक्टरला कर्करोगाच्या मुलाला हात लावायची भीती वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. लेखी सूचना हातात असली की ती बरीचशी निवते. घरच्यांनीही निरोगी दिवसांतच त्या डॉक्टरला एकदा मूल दाखवून ठेवावे. रात्री दोन वाजता पहिली ओळख करून द्यायची वेळ येऊ नये.

पैशांचा प्रश्न असतोच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात आणि विम्याची मर्यादा आता पाच लाखांपर्यंत आहे; पण तापासाठीचा मुक्काम कोणत्या पॅकेजात धरणार, हे आरोग्यमित्राला आधी विचारून ठेवलेले बरे. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या शयनयान डब्यात भाडे पूर्ण माफ आहे, सोबत्याला तीन चतुर्थांश सूट. मुंबईत मुक्कामासाठी दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे आणि २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची मुलांसाठीची घरे. आयुष्यभर हातात खराटा घेऊन फिरलेल्या बाबांच्या नावाच्या धर्मशाळेत ज्यांना स्वच्छता औषधाइतकीच लागते असे रुग्ण उतरतात, हा योग मला नेहमी अर्थपूर्ण वाटतो.

दोन औषधे, एक माणूस

केमो आणि अँटिबायोटिक ही दोन वेगळ्या खात्यांची औषधे वाटतात. त्यांची गाठ मात्र जुनी आहे. आंध्रातल्या भीमवरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या चमूने बनवलेले ॲमिनोप्टेरिन बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस ल्युकेमियाच्या मुलांना द्यायला सुरुवात केली. १९४८ साली त्यांनी सोळा मुलांचा अनुभव छापला. दहा मुलांत आजार काही काळासाठी मागे हटला होता. मुलांचा ल्युकेमिया औषधाने हटतो हे जगाला तेव्हा पहिल्यांदा दिसले. त्याच वर्षी त्याच विभागातून बेंजामिन डगर यांचे ऑरिओमायसिन जाहीर झाले, टेट्रासायक्लिन घराण्यातले पहिले अँटिबायोटिक. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले.

यातले दुसरे औषध नसते तर पहिल्याचा उपयोग फार पुढे गेला नसता. ल्युकेमियाची औषधे जसजशी तीव्र झाली तसतशी मुले कर्करोगाने न जाता मधल्या खड्ड्यात, म्हणजे पेशी पडलेल्या दिवसांत, संसर्गाने जाऊ लागली. भारतात १९८४ पासून मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या मोठ्या केंद्रांनी एमसीपी-८४१ नावाची एकच उपचारपद्धती वापरायला घेतली. बरे होणाऱ्या मुलांचे प्रमाण खूप वाढले, पण उपचारांच्या काळात होणारे मृत्यू ही तिची दुखरी बाजू राहिली आणि त्यांत संसर्ग पुढे होता. श्रीमंत देशांत आज या आजाराची दहातली जवळपास नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे तो आकडा अजून मागे आहे. उपचार मध्येच सोडणे, उशिरा निदान आणि संसर्ग ही त्यामागची तीन मोठी कारणे. केमोचे फॉर्म्युले दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत.

बाटलीत वाढणारे उत्तर

कल्चरसाठी काढलेले रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालतात आणि बाटली उबदार यंत्रात ठेवतात. जंतू वाढला की तो कार्बन डायऑक्साइड सोडतो, बाटलीच्या तळाचा रंग बदलतो आणि यंत्र इशारा देते. साधारण बारा ते चोवीस तासांत ‘काहीतरी आहे’ हे कळते. ते काय आहे आणि त्याला कोणते औषध लागू पडते, यासाठी आणखी एक-दोन दिवस. म्हणजे पहिले दोन दिवस डॉक्टर अंदाजावर चाललेले असतात.

हा अंदाज बांधायला लागतो त्या रुग्णालयाचा स्वतःचा हिशेब: गेल्या वर्षभरात आपल्या कल्चरमध्ये कोणते जंतू आले आणि त्यांना काय लागू पडले. याला अँटिबायोग्राम म्हणतात. परळचा अँटिबायोग्राम मिरजेला चालत नाही, मिरजेचा कऱ्हाडला चालेलच असे नाही. वर्षाला थोडीच कल्चरे होत असतील तर हिशेबच बसत नाही, आणि ‘कल्चर कशाला, मोठे अँटिबायोटिक सुरू करू’ ही सवय असेल तर कल्चरे थोडीच होतात. हे असे एकात एक अडकलेले आहे.

औषध लागू का पडत नाही?

पेनिसिलिन आणि त्याचे सगळे गोत्र, म्हणजे सेफालोस्पोरिन, मेरोपेनेम वगैरे, यांच्या पोटात बीटा-लॅक्टम नावाचे चौकोनी कडे असते. जंतूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याला हे कडे जाऊन चिकटते आणि भिंत अर्धी राहते. जंतूने त्यावर कातरी शोधली. साधी कातरी पेनिसिलिन कापते. ईएसबीएल नावाची कातरी सेफोटॅक्सिम, सेफिक्झिम कापते. मग आपण कातरीला न जुमानणारे मेरोपेनेम आणले, तर तेही कापणारी कातरी निघाली.

तिचे नाव एनडीएम. त्यातल्या ‘एनडी’चा अर्थ नवी दिल्ली. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या रुग्णाच्या क्लेबसिएल्लामध्ये ती २००८ साली सापडली. या नावावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. पण त्याच सुमारास मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याकडचे कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू तपासले. त्यांतल्या २२ मध्ये ही कातरी होती. २०१० साली त्यांनी ते छापले. नावावर चिडण्याची सवड त्यानंतर उरायला नको होती.

एनडीएमची खरी डोकेदुखी वेगळीच. ही कातरी बनवायचा नुस्खा जंतूच्या मुख्य गुणसूत्रावर नसतो, प्लाझ्मिड नावाच्या सुट्या चकतीवर असतो, आणि एक जंतू ती चकती शेजारच्या जंतूला, अगदी वेगळ्या जातीच्याही, देऊ शकतो. त्याच चकतीवर दुसऱ्या औषधांविरुद्धचे नुस्खेही शेजारी शेजारी असतात. आयसीएमआरच्या देशभरच्या जाळ्याच्या २०२३ च्या अहवालात क्लेबसिएल्लाच्या दहा नमुन्यांपैकी सुमारे चारच नमुन्यांवर इमिपेनेम-मेरोपेनेम चालताना दिसले. हे नमुने मोठ्या रुग्णालयांतल्या जास्त आजारी रुग्णांचे आहेत. गावातल्या प्रत्येक तापाला हा आकडा लावू नये. पण काउंट पडलेले मूल नेमके त्याच रुग्णांत मोडते.

पिंपरीची पुडी आणि शेरीनाला

आटपाडी, जत, माण, खटाव इथल्या डाळिंबवाल्याला स्ट्रेप्टोसायक्लिन सांगावे लागत नाही. तेल्या रोग आला की फवारणीच्या टाकीत ती पुडी पडते. तिच्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन असते, दहा टक्के टेट्रासायक्लिन. एक क्षयरोगावरचे जुने औषध, दुसरे सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या घराण्याचे. ती बनवणारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही पिंपरीची सरकारी कंपनी १९५४ साली निघाली, तीच मुळी देशाला पेनिसिलिन परवडावे म्हणून, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. माणसांसाठी उघडलेल्या कारखान्याची पुडी बागेत पोचली यात शेतकऱ्याचा दोष काढता येत नाही. तेल्याने उभी बाग जाताना ज्याने पाहिली आहे तो हाती लागेल ते फवारणारच. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने या मिश्रणाच्या शेतीतल्या वापरावर बंदी आणण्याचा मसुदा काढला.

डाळिंबावर मारलेल्या स्ट्रेप्टोमायसिनमुळे अमुक मुलाच्या रक्तातला क्लेबसिएल्ला मेरोपेनेमला दाद देईनासा झाला, अशी सरळ रेघ कुणी ओढू नये. दोरा लांबचा आहे. एकाच चकतीवर अनेक औषधांविरुद्धचे नुस्खे असल्यामुळे एका औषधाच्या माऱ्यात तगलेला जंतू बाकीचेही नुस्खे सोबत घेऊन तगतो, एवढेच खात्रीने म्हणता येते. कोंबड्यांच्या खाद्यातल्या कोलिस्टिनच्या बाबतीत दोरा जवळचा होता. माणसांसाठी जे जवळजवळ शेवटचे औषध, तेच कोंबडी लवकर भरावी म्हणून खाद्यात! जुलै २०१९ मध्ये केंद्राने ते बंद केले.

आणि मग पाणी. शेरीनाला सांगलीकरांना वेगळा सांगायला नको; शहराचे सांडपाणी कृष्णेत जाते हा तिथला पिढ्यांचा विषय आहे. २०११ साली दिल्लीत रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या नमुन्यांत आणि दोन नळांच्या पाण्यातही एनडीएमचा नुस्खा सापडला होता. माणसाच्या आतड्यातले, रुग्णालयाच्या गटारातले आणि गोठ्यातले जंतू जिथे एकत्र येतात, तिथे चकत्यांची देवघेव होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत हे पाणी सांगलीतल्या घराघरांत शिरले होते.

मेडिकलच्या काउंटरवरचे मी शेवटी सांगतो, कारण तेच सगळ्यांना माहीत असते आणि तेच सगळे ऐकून सोडून देतात. सर्दीला तीन दिवसांचे ॲझिथ्रोमायसिन, जुलाबाला ओफ्लॉक्सॅसिन, आणि ‘मागच्या वेळी फरक पडला होता ती पट्टी द्या’. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिमसह बरीच औषधे एच-वन यादीत आहेत: चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत लिहायचे, वही तीन वर्षे जपायची. तुमच्या मेडिकलवाल्याने ही वही शेवटची कधी उघडली ते विचारून पाहा.

राखीव कपाट

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अँटिबायोटिकांचे तीन कप्पे केले: नेहमीची, जपून वापरायची आणि राखीव. ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम जपून वापरायच्या कप्प्यात आहेत, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. राखीव कप्प्यात कोलिस्टिन आहे. हे औषध चाळीसच्या दशकात जपानमध्ये सापडले, मूत्रपिंडाला त्रास देते म्हणून मागे पडले आणि दुसरे काही उरले नाही म्हणून परत आले. केमोची काही औषधे स्वतःच मूत्रपिंडावर येतात, त्यात हे घालायचे म्हणजे डॉक्टरला रोज क्रिएटिनिन बघत बसावे लागते.

एनडीएमवर सध्या जी युक्ती चालते ती सुरेख आहे. ॲझ्ट्रिओनाम नावाचे जुने औषध एनडीएमला कापता येत नाही. पण अशा जंतूकडे बहुधा ईएसबीएलही असते, आणि ती ॲझ्ट्रिओनाम कापते. मग सोबत सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टम द्यायचे. त्यातला ॲविबॅक्टम ईएसबीएलला अडकवून ठेवतो आणि ॲझ्ट्रिओनाम आपले काम करते. एकट्याने दोन्ही हरतात, जोडीने जिंकतात. खर्च मात्र असा की दहा-बारा दिवसांत घरचे दागिने गहाण पडतात. नव्या औषधांत भारतीय नावेही दिसू लागली आहेत. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत जन्मलेल्या एन्मेटाझोबॅक्टमला २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत मान्यता मिळाली. ते ईएसबीएलवर चालते. एनडीएमवर नाही.

जपून वापरणे म्हणजे उशिरा वापरणे असा अर्थ लावू नये. काउंट पडलेल्या मुलाला तापात पहिल्या तासात तगडे औषध द्यायचेच; काटकसर करायची ती नंतर. कल्चर दोन दिवस स्वच्छ राहिले, ताप चोवीस तास नाही, पेशी वर येऊ लागल्या, तर औषध थांबवायचे. साध्या औषधाने भागेल असे कल्चर म्हणाले तर साध्यावर उतरायचे. डॉक्टर औषध ‘कमी’ करतात तेव्हा घरच्यांना धडकी भरते. उलट ती चांगली बातमी असते.

घरात

हात धुणे सर्वांत वर. मुलाला उचलणाऱ्या प्रत्येकाने साबणाने, अगदी आजोबांनीही. पाणी उकळून गार केलेले. अन्न ताजे, गरम, घरचे. कच्च्या भाज्या-फळे पूर्ण बंद करणाऱ्या कडक पथ्याने संसर्ग कमी होतात असे मुलांवरच्या चाचणीत दिसलेले नाही, म्हणून नीट धुतलेले, सोललेले फळ डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येते. तासगावची द्राक्षे सोलत बसायची कुणाची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. उघड्यावरचा उसाचा रस आणि बर्फ नको. तोंड दिवसातून चार-पाच वेळा खुळखुळायचे, ब्रश मऊ.

घरातल्या बाकीच्यांनी फ्लूची लस घ्यावी. उपचार चालू असलेल्या मुलाला गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लसी देत नाहीत, आणि पल्स पोलिओच्या दिवशी धाकट्या भावंडाला थेंब पाजण्याआधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारावे, कारण थेंबांतला विषाणू शौचावाटे बाहेर पडतो.

आठवड्यातून दोन-तीन दिवस द्यायची सेप्ट्रान बंद करू नये. ‘अँटिबायोटिक वाईट’ असे कुठेतरी वाचून काही घरांत ती बंद होते. ती एका विशिष्ट न्यूमोनियाला दूर ठेवते आणि ते काम दुसरे काही इतक्या स्वस्तात करत नाही.

काउंट उठताना

वॉर्डात आठ-दहा दिवस काढलेल्या आया सीबीसीचा कागद डॉक्टरच्या आधी वाचायला शिकतात. त्या न्यूट्रोफिलच्या ओळीकडे लगेच बघत नाहीत. आधी मोनोसाइट बघतात, कारण मज्जा जागी होऊ लागली की बहुधा तेच पहिल्यांदा वर सरकतात. न्यूट्रोफिल एक-दोन दिवसांनी त्यांच्या मागून येतात. मग १८०, ३४०, ६२० असे काहीतरी. तोंडातले फोड भरू लागतात, ताप उतरलेला राहतो, कधी कधी तर नळीच्या तोंडाशी थोडा पू दिसतो आणि राउंडवरचा डॉक्टर त्याकडे बघून समाधानाने मान डोलावतो. सलाईन निघते. सुट्टीचा कागद हातात पडतो, आणि त्याच कागदावर खाली पुढच्या केमोची तारीख लिहिलेली असते.